चंद्रावरची वजाबाकी

मे महिन्यात आमच्या गोंडपिपरीला रात्री स्लॅबवर झोपायचं असेल, तर संध्याकाळी सातच्या सुमारास त्यावर चार-पाच बादल्या पाणी टाकावं लागतं. पाणी पडलं की चर्र आवाज येतो, ओल्या सिमेंटचा वास सुटतो आणि पाच मिनिटांत स्लॅब पुन्हा कोरडा. मग दुसरी फेरी. लहानपणी हे काम माझ्याकडे होतं. सूर्य बुडालेला असायचा, तरी चपलेच्या तळातून चटका लागायचा. दिवसभर खाल्लेलं ऊन स्लॅब रात्री ओकतो, असं आई म्हणायची.

चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला तर त्याची बातमी होत नाही, त्यामुळे ही धग आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही. तिला शास्त्रात अवरक्त किरण म्हणतात हे मात्र इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आणि त्या धगीमुळे न्याय-अन्यायाचा प्रश्न उभा राहू शकतो, हे तर गेल्या वर्षी कळलं. त्याची ही गोष्ट आहे. तिच्यात चंद्र आहे, एक मुलाखत आहे आणि माझी एक चूक आहे.

आधी चंद्र.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. शनिवार-रविवारी वेळ मिळाला की चांद्रयान-२ ची माहिती उतरवून घेऊन तिच्याशी खेळत बसतो. इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की ती कुणालाही फुकट मिळते. चांद्रयान-२ म्हटलं की आपल्याला सप्टेंबर २०१९ ची ती रात्र आठवते, विक्रम लँडरशी संपर्क तुटला ती. पण वर फिरणारं ऑर्बिटर शाबूत होतं आणि ते मुकाट्याने काम करत राहिलं. त्यावर आयआयआरएस नावाचा वर्णपटमापक आहे. चंद्राच्या जमिनीवरून येणाऱ्या किरणांचे तो अडीचशेच्या आसपास बारीक पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्यात किती उजेड आला ते लिहून ठेवतो. १०० किलोमीटर उंचीवरून त्याच्या एका पिक्सेलमध्ये ८० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद जमीन मावते. आमच्याकडच्या हिशेबात दीडेक एकराचं वावर.

चंद्र स्वयंप्रकाशी नाही, तो सूर्याचा उजेड परावर्तित करतो, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. आणि तेही तो फारसं करत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच तो परत फेकतो. म्हणजे त्याची जमीन जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. भोवतालचं आभाळ त्याहून काळं म्हणून तो आपल्याला चांदीसारखा दिसतो.

उरलेलं ऊन कुठे जातं? ते जमीन खाते. चंद्राच्या विषुववृत्तावर भरदुपारी जमीन १२० अंशांच्या आसपास तापते आणि रात्री उणे १७० च्याही खाली जाते. तापलेली जमीन आमच्या स्लॅबसारखी धग सोडते. डोळ्यांना ती दिसत नाही, अवरक्त कॅमेऱ्याला दिसते. म्हणजे शाळेतलं वाक्य अर्धंच खरं आहे. अवरक्तात बघितलं तर चंद्र स्वतःसुद्धा ‘पेटलेला’ असतो.

गोची इथे सुरू होते. कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये एकच आकडा येतो. त्यातला किती उजेड सूर्याचा, परतून आलेला, आणि किती जमिनीच्या स्वतःच्या धगीचा, हे त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं.

हे वेगळं करायचंच कशाला? पाण्यासाठी. जमिनीत पाणी किंवा त्याचा भाऊबंद हायड्रॉक्सिल असेल, तर ३ मायक्रॉनच्या आसपासचा उजेड शोषला जातो आणि आलेखात तिथे एक खड्डा पडतो. खड्डा म्हणजे पाण्याची खूण. पण तापलेल्या जमिनीची धग नेमकी त्याच सुमारास जाणवायला लागते आणि तो खड्डा भरून काढते. म्हणून आधी धग वजा करावी लागते. कमी वजा केली तर खड्डा बुजलेलाच राहतो, पाणी असून दिसत नाही. जास्त वजा केली तर नसलेला खड्डा आपणच खणतो आणि कोरड्या जमिनीत पाणी ‘सापडतं’.

हे काल्पनिक नाही. चांद्रयान-१ वर नासाचं एम-थ्री नावाचं उपकरण होतं. त्याच्या माहितीवरून सप्टेंबर २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा असल्याचं जाहीर झालं. कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट या यानांच्या निरीक्षणांनीही त्याला दुजोरा दिला. खुणा आहेत, यावर पुढे फारसा वाद राहिला नाही. वाद झाला तो कुठे किती आणि कधी, यावर. सुरुवातीच्या चित्रात ध्रुवांकडे पाणी जास्त आणि तापलेल्या मधल्या भागात जवळजवळ नाहीच, असं दिसत होतं. २०१७ मध्ये काही संशोधकांनी धग वजा करायची रीत सुधारली. त्यांनाही अक्षांशानुसार आणि दिवसाच्या वेळेनुसार फरक दिसला, पण चित्र बदललं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने आणखी वेगळ्या रीतीने वजाबाकी केली. त्यांचं म्हणणं पडलं की खुणा जवळपास सगळीकडेच आहेत आणि वेळेनुसार फारशा बदलत नाहीत. मोजमाप एम-थ्रीचंच, वजाबाकी वेगळी, आणि चंद्र वेगळा.

आता मुलाखत.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत फ्रेशर्सच्या ऑनलाइन मुलाखती घ्यायच्या होत्या आणि माझं नाव पॅनेलवर होतं. एक मुलगा गडचिरोली जिल्ह्यातला निघाला. आमच्याकडून आष्टीचा वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गडचिरोली लागतं. त्याचं गाव त्याच्याही बरंच आत, जंगलात. सुरुवातीला तो म्हणाला, “सर, घरी रेंज नाही, टॉवर पकडते तेथे येऊन बसलो आहो.” ते ‘आहो’ ऐकून मला आतून बरं वाटलं. आपल्याकडचा पोरगा.

आणि त्याच क्षणी मी कडक झालो. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको. मी इंग्रजीतच बोलत राहिलो. ग्राफमधला सर्वात जवळचा रस्ता शोधण्याचा प्रश्न दिला. तो बोलता बोलता थांबायचा. मध्येच आवाज तुटायचा. मी दोनदा “आर यू देअर?” असं विचारलं, तो दोनदा “यस सर” म्हणाला. पस्तिसाव्या मिनिटाला कॉल तुटला. मी पाच मिनिटं वाट पाहिली आणि पाचपैकी दोन गुण भरून टाकले. शेऱ्यात लिहिलं, ‘संवाद कमकुवत, उत्तर अपूर्ण.’

दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी कोड लिहायचा तो सामायिक एडिटर उघडला. त्यात प्रत्येक बदलाची वेळ नोंदलेली असते. कॉल तुटल्यावर चार मिनिटांनी त्या मुलाने आणखी अकरा ओळी लिहिल्या होत्या. रेंज परत आली असावी. रीत बरोबर होती. एका विशिष्ट परिस्थितीत तो कोड अडकला असता, पण ते एखाद्या इशाऱ्याने सुटण्यासारखं होतं. मी भरतीवाल्यांना कळवलं. फेरी बंद झाली होती.

त्या अकरा ओळींवरून तो मुलगा हुशार होता हे सिद्ध होत नाही. कुणी सांगावं, शेजारी बसलेल्या मित्राने सुचवलं असेल. पण माझा ‘दोन’ हा आकडा कशाचा होता, हा प्रश्न मला सोडेना. त्यातला किती त्याच्या डोक्याचा आणि किती त्या टेकाडावरच्या रेंजचा, इंग्रजीचा, घाबरण्याचा? माझ्याकडेही एकच आकडा होता आणि मी त्यातून काहीच वजा केलं नव्हतं.

हे मी टीममधल्या एकाला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “न्याय्य तेच आहे ना? आपण कोड बघायचा. परिस्थिती बघायला लागलो तर संपलंच. कुणाची रेंज, कुणाचं घर, कुणाची जात, कुणाची आई आजारी. वजा करायला लागलास तर थांबशील कुठे?”

त्याच्या म्हणण्यात दम आहे. ग्राहकाला आपल्या रेंजशी देणंघेणं नसतं. उद्या नोकरीत हा मुलगा अडखळला, तर त्याची परिस्थिती सर्व्हर चालू करून देणार नाही. तरी त्याच्या बोलण्यात एक गृहीतक लपलेलं आहे, आणि ते मला चंद्राच्या फायलींनी दाखवलं. काहीच वजा न करणं म्हणजे तटस्थ राहणं, असं तो धरून चालला होता. चंद्राच्या पिक्सेलमधून धग वजा केली नाही, तर आपण कच्ची, निर्मळ माहिती वापरतो असं होत नाही. जमीन तापलेलीच नाही, असं एक विधान आपण करतो. ते विधानसुद्धा एक मॉडेलच आहे, आणि दुपारच्या चंद्रासाठी ते सगळ्यांत वाईट मॉडेल आहे. मुलाखतीतही तेच. ‘मी फक्त कोड बघतो’ याचा अर्थ, सगळे उमेदवार सारख्याच शांत खोलीत, सारख्याच रेंजमध्ये, सवयीच्या भाषेत बसलेत असं मी ठरवून टाकलंय. शून्य वजा करणं हीसुद्धा वजाबाकीच आहे. तिचा जाब आपल्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

पण मग माझ्याकडून चूक झालीच कशी? मी तर तिथलाच. मला तरी ती धग माहीत असायला हवी होती.

यावर बरेच दिवस विचार केल्यावर एक गैरसोयीची गोष्ट हाती लागली. मी काहीच वजा केलं नव्हतं, हेही पूर्ण खरं नव्हतं. मनात मी एक हिशेब केला होता. ‘मीही गोंडपिपरीचा. मला जमलं, तर याला का जमू नये?’ म्हणजे त्याच्या परिस्थितीच्या जागी मी माझी परिस्थिती भरली होती.

आणि माझी परिस्थिती काय होती? माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घर तालुक्याच्या ठिकाणी, पक्क्या स्लॅबचं. उन्हाळ्यात कूलर. घरी रोज पेपर यायचा. अकरावी-बारावीला मला नागपूरला क्लासला ठेवलं होतं. चौथीत माझ्या बाकावर बसणारा मुलगा आईवडिलांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जायचा, परत आल्यावर मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्त्याला. वर्गात त्याचं नाव पुकारलं की आम्हीच ओरडायचो, “मिरचीले गेला!” तोही गोंडपिपरी तालुक्याचा, मीही. पुण्यात कुणी विचारलं तर दोघांचंही उत्तर एकच आलं असतं.

चंद्रावरच्या वजाबाकीत ही चूक नावानिशी ओळखीची आहे. दीडेक एकराच्या पिक्सेलमध्ये जमीन सपाट नसते. एका दगडाची उन्हाकडची बाजू रणरणत असते आणि हवा नसल्यामुळे त्याच दगडाची सावली हातभर अंतरावर गारठलेली असते. अख्ख्या पिक्सेलला एकच सरासरी तापमान लावलं, तर वजाबाकी चुकते. २०१८ च्या त्या अभ्यासाने चित्र बदललं ते या खडबडीतपणाचा हिशेब धरल्यामुळे. ‘गोंडपिपरी’ हा माझ्यासाठी एक पिक्सेल झाला होता. त्यातल्या उन्हातल्या बाजूला मी राहिलो होतो आणि सावलीतल्यांनाही तेच तापमान लावत होतो. खरं सांगायचं तर त्याचा मला फायदाही होता. पुण्यात ‘मागास भागातून आलेला मुलगा’ ही कथा चांगली खपते. ती सांगताना मी अख्खा पिक्सेल माझ्या नावावर करून घ्यायचो.

मग काय, भरपूर वजा करावं? तिथेही खड्डा आहे, आणि तो आपण खणलेला असतो. माझी एक वर्गमैत्रीण आहे, गोंड समाजातली, माझ्याहून कितीतरी चांगली इंजिनिअर. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती चिडली. “माझ्या मार्कातून गरिबी काढून मले मोठं नको करू बे. मार्क माझेच आहेत. आणि जेथे चुकली, तेथे मीच चुकली. तेही माझंच राहू दे.” मी गप्प झालो. जास्तीची वजाबाकी वरवर दयाळू दिसते, पण समोरच्याचं काहीच त्याच्याकडे उरू देत नाही. त्याचं यश म्हणजे परिस्थितीवर मात आणि अपयश म्हणजे परिस्थितीचा बळी. मधला माणूस गायब. कोरड्या जमिनीत आपल्याला हवं ते पाणी सापडतं आणि आपण स्वतःवर खूश होतो.

कमी करून चालत नाही, जास्त करून चालत नाही, आणि न करणं तर शक्यच नाही. मग किती?

याचं उत्तर मला एका आकड्यात मिळालेलं नाही, पण शास्त्रज्ञांनी काय केलं ते सांगतो. एम-थ्री ३ मायक्रॉनपर्यंतच बघू शकायचं. जिथे खड्डा आहे, तिथेच त्याची नजर संपायची. त्यामुळे धगीचा अंदाज त्याच माहितीच्या शेवटच्या टोकावरून किंवा दुसरीकडून आणावा लागायचा. आयआयआरएस ५ मायक्रॉनपर्यंत बघतो. तिथे दुपारच्या चंद्रावरून येणारा सूर्याचा उजेड अगदी थोडा उरतो आणि बहुतेक धगच बोलते. त्याच जागेची, त्याच क्षणाची धग तिथे मोजायची आणि ती ३ मायक्रॉनवरून वजा करायची. याच उपकरणाच्या माहितीवरून २०२१ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’मध्ये हायड्रॉक्सिल आणि पाणी या दोन्हींच्या खुणा असल्याचं मांडलं. वजाबाकी कायमची सुटली असं नाही. पण तिचा आधार अंदाजाकडून मोजमापाकडे सरकला.

मला यात एक साधी शिकवण दिसते. परिस्थितीचा अंदाज निकालाच्याच कागदावरून काढू नये. आडनावावरून, गावाच्या नावावरून, स्वतःच्या लहानपणावरून तर नाहीच. जिथे फक्त परिस्थितीच बोलते, तिथे जाऊन ती विचारावी.

म्हणून आता मुलाखतीची पहिली पाच मिनिटं मी गुणांसाठी वापरत नाही. कुठे बसला आहात, आवाज नीट येतोय का, कोणत्या भाषेत विचार करायला सोपं जातं, एवढंच विचारतो. कॉल तुटला तर मीच परत लावतो आणि तुटलेला वेळ पुढे देतो. मग प्रश्न तोच, तितकाच अवघड. त्यात सूट नाही. आणि शेऱ्यात लिहितो : अमुक इतका वेळ रेंज नव्हती, तो मी धरला नाही. संशोधक आपली वजाबाकीची रीत छापतात, म्हणूनच दुसरा येऊन ती चुकीची ठरवू शकतो. आमच्या फॉर्मवर तसा रकानाच नाही. मी शेऱ्याच्या जागेत कोंबतो. त्याने जग बदललेलं नाही आणि तो मुलगाही परत आलेला नाही.

एक गोष्ट मात्र अजून जमत नाही. अवरक्त उपकरणाचा एक त्रास असा की ते स्वतःही उबदार असतं. त्याचे आरसे, त्याची नळी, सगळंच धग सोडतं आणि ती मोजमापात मिसळते. म्हणून आयआयआरएसचा संवेदक उणे १८० अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो. चांद्रयान-१ तर कक्षेत अपेक्षेपेक्षा जास्त तापलं होतं आणि त्याचा त्रास एम-थ्रीच्या मोजमापालाही झाला. म्हणजे बाहेरची धग वजा करण्याआधी बघणाऱ्याने आपली धग ओळखावी लागते. माझी धग म्हणजे ती कथा : मी स्वतःच्या बळावर इथवर आलो. ती इतकी वर्षं माझ्या आत तापून राहिली आहे की ती धग आहे, हेच मला कळत नव्हतं.

या मेमध्ये गावी गेलो होतो. संध्याकाळी स्लॅबवर पाणी टाकत होतो. बाबा आणि शेजारचे काका खाटेवर बसले होते. बाबा सांगत होते, “आमच्या पोरानं सगळं आपल्या बळावर केलं.” हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय आणि शंभर वेळा खाली मान घालून आवडून घेतलंय. या वेळी बादली खाली ठेवून म्हणालो, “नाही बाबा. कूलर होता आपल्याकडे. आणि तुम्ही मास्तर होता.”

बाबा हसले. काका म्हणाले, “कूलरनं का कोनी इंजिनिअर होते का रे?”

तेही खरंच आहे. कूलरने कुणी इंजिनिअर होत नाही. पण त्याचा वाटा किती होता, ते मला अजून मोजता आलेलं नाही. मी दुसरी बादली भरायला खाली गेलो.